चौथ्यांदा आलेली कवळी

बाई,

तुम्ही गेलात त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात शाळेचे हेडमास्तर माझ्या दवाखान्यात आले होते. शाळा तुमच्यावर एक छोटं पुस्तक काढते आहे आणि त्यात मी दोन पानं लिहावीत असं त्यांचं म्हणणं. "बाईंच्या हाताखाली शिकलेली कोरीटची मुलगी दातांची डॉक्टर झाली आणि तिनंच बाईंना पुन्हा दात दिले. याच्यापेक्षा चांगलं काय असणार, मॅडम?" असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. दोन पानं लिहूनही झाली. ती बरी झाली आहेत, त्यात खोटं काही नाही. पण एक गोष्ट त्यात नाही. तुमच्या तोंडातला व्रण मी तीन महिने बघितलाच नाही. तुम्ही डब्यातून कवळी पाठवत राहिलात, मी ती घासून परत पाठवत राहिले, आणि तो व्रण कवळीचा नव्हता. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. आता मला एकटीलाच माहीत आहे. दुपारी दवाखान्यात तासभर कोणी नसतं, तेव्हा हे वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

शाळेतलं पहिलं आठवतं ते सोमवारचं. प्रार्थना झाली की तुम्ही आम्हाला ओट्यावर ओळीनं उभं करायचात. नखं, केस, मग तोंड. "आ कर. जीभ वर. आता इकडं." हातात लाकडी पट्टी असायची, तिच्या टोकानं तुम्ही गाल बाजूला करून आत बघायचात. एकच पट्टी चाळीस तोंडांत फिरायची. आज डॉक्टर म्हणून ते आठवलं की अंगावर काटा येतो. ज्याच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा त्याला तुम्ही हाताला धरून नळावर न्यायचात आणि वास जाईपर्यंत चुळा भरायला लावायचात. माझ्या दाढेत काळा खड्डा तुम्हाला असाच एका सोमवारी दिसला. "दुखते का?" मी मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही पट्टीचं टोक दाढेवर हलकंच टेकवलं आणि मी ओरडले. सगळे हसले, तुम्ही नाही हसलात. "दुखत असेल तर सांगायचं. गप्प बसून सहन केलं म्हणजे शहाणपण झालं असं समजू नकोस," असं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात आणि मला फार लाज वाटली. संध्याकाळी तुम्ही घरी आलात. आई भाकरी करत होती. ती म्हणाली, "दूधना दात शे बाई, पडी जाई." तुम्ही म्हणालात, "पडेल तेव्हा पडेल. आज पोरीला जेवता येत नाही, ते बघा." दुसऱ्या दिवशी वडील मला सायकलवर बसवून नंदुरबारला घेऊन गेले.

तुम्ही आमच्या भागातल्या नव्हतात, तरी आमच्या बोलण्याला कधी नावं ठेवली नाहीत. "बाई, मन्ही पाटी फुटनी," असं मी रडत सांगायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरी मन्ही, शाळेत माझी. दोन्ही तुझ्याच आहेत, रडतेस कशाला?" डेंटल कॉलेजला निघाले तेव्हा होस्टेलसाठी तुम्ही सोलापुरी चादर दिलीत आणि विचारलंत, "दातांचीच का गं? सगळ्या माणसाची डॉक्टर होता आलं नाही का?" नंतर मी पुढचं शिक्षण घेतलं, पडलेले दात परत बसवण्याचं, कवळ्या आणि कॅप करण्याचं, तेव्हाही तुम्हीच आमच्या घरी येऊन आईला समजावून सांगितलंत की याचंसुद्धा वेगळं कॉलेज असतं. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मी नंदुरबारला दवाखाना टाकल्यानंतर तिसऱ्या वर्षी तुम्ही आलात. तुम्ही निवृत्त झाला होता, कोरीटमध्येच दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होता. तोंडावर पदर होता. खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "इतकी वर्षं मी तुमची तोंडं बघितली. आता तू बघ." आणि मग बराच वेळ तोंड उघडलंच नाहीत. मी दिवा लावून वाट बघत उभी होते. शेवटी उघडलंत तेव्हा मला कळलं. उरलेले दात हलत होते, मुळापर्यंत काळे होते, आणि हिरडीवर मशेरीचा थर होता. तो थर काही एकदोन वर्षांचा नव्हता. पोरांना नळावर नेऊन चुळा भरायला लावणाऱ्या बाई रोज सकाळी दार लावून मशेरी घासत होत्या. डाव्या गालाच्या आतली त्वचा जाड आणि पांढुरकी झाली होती. ते मी केसपेपरवर लिहिलं: दर तीन महिन्यांनी बघणे. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. "कळलं ना तुला," म्हणालात. मी म्हटलं, "बाई, हे आजपासून बंद." तुम्ही मान हलवलीत. "बंद करते. पण हे कोणाला सांगू नकोस. तुझ्या आईलासुद्धा नको."

दात काढले, जखमा भरल्या, आणि मग मापाचा दिवस आला. तो दिवस मी विसरू शकत नाही. माप घेताना ओला मसाला साच्यात भरून तोंडात धरावा लागतो, तो घट्ट होईपर्यंत दोन-तीन मिनिटं. कोणालाही उमळतं, ओकारी येईलसं होतं. तुम्हाला फार उमळलं. लाळ हनुवटीवरून पातळावर आली, डोळ्यांतून पाणी आलं, तुम्ही माझा हात घट्ट धरला होता आणि मी म्हणत होते, "नाकानं श्वास घ्या, बाई, नाकानं." साचा निघाला तेव्हा तुम्ही तोंड भिंतीकडं फिरवलंत. दात नसलेला चेहरा कसा आत जातो ते मी रोज बघते, पण तुमचा बघवला नाही, म्हणून मीही दुसरीकडं बघितलं. तुम्ही तसंच भिंतीकडं बघत म्हणालात, "तुझ्यासमोर असं पुन्हा नको गं." आणि मी वचन दिलं. "एकदा कवळी बसली की तुम्हाला या खुर्चीत यावंच लागणार नाही," असं म्हटलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. केसपेपरवर तीन महिन्यांचं लिहिलेलं तेव्हा समोरच्याच टेबलावर होतं.

पण कवळी मी मनापासून केली होती, हे तुम्हीही नाकारणार नाही. दातांचे रंग दाखवले तर तुम्ही म्हणालात, "इतके पांढरे नकोत. गाव हसेल. माझे होते तसे दे." म्हणून जरा पिवळट घेतले, आणि पुढच्या दोन दातांतला एक किंचित तिरका लावला, तुमचा होता तसा. मेणात लावून बघताना तुम्हाला आकडे म्हणायला लावले, कारण स आणि ष नीट आले की पुढचे दात बरोबर लागले असं समजतात. एकसष्टपासून तुम्ही सुरुवात केलीत आणि पाच आकड्यांनंतर थांबलात. "सहासष्टला हवा निघते. नापास." मी दात अर्धा मिलिमीटर मागे घेतले. परत म्हटलंत. "आता पास." त्या दिवशी तुम्ही खूप वर्षांनी मोकळ्या हसलात. आठवड्याभरानं माझा मोठा भाऊ सांगत आला, "बाई ओट्यावर बसीसन बिबडा खाई ऱ्हायन्यात, कुडुमकुडुम!" ज्वारीचा कडक पापड, नव्या दातांनी! भावाला तुम्ही ओळखताच, कोरीटचं दूध तो रोज सकाळी नंदुरबारला आणतो, आणि बोलल्याशिवाय त्याला कॅन उचलवत नाही.

दोन वर्षं सगळं नीट होतं. तुम्ही दवाखान्यात आला नाहीत आणि मी बोलावलं नाही. मशेरी सुटली का, हेही विचारलं नाही. भेट व्हायची ती गावात, लग्नात, आईच्या आजारपणात; तेव्हा तोंडाचा विषय काढणं मला अवघड जायचं. मग पहिला डबा आला. स्टीलचा छोटा डबा, आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली खालची कवळी, आणि वहीच्या कागदाची घडी. भावानं तो टेबलावर ठेवला. "डाक्टरीणबाई, तुन्हं पार्सल उनं. बाईसनी दात धाडात. म्हशी माले दूध देतस, बाई माले दात देतस. मन्हा धंदा वाढी ऱ्हायना." मी हसले. चिठ्ठीत तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: "डाव्या बाजूला मागे टोचते. खूण केली आहे. तेवढं बघ." कवळी कोरडी करून तुम्ही तिच्या कडेवर लाल बॉलपेननं बारीक खूण केली होती, वहीत चुकीच्या शब्दाखाली करायचात तशी. मला त्याचं कौतुक वाटलं. दुसरे पेशंट नुसतं "दुखतं" म्हणतात. मी खुणेवरची कड घासली, पॉलिश केली, दुसऱ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या कॅनबरोबर डबा परत गेला.

कवळीनं हिरडी सोलली तर कड घासल्यावर ती आठ-दहा दिवसांत भरून येते. दोन आठवड्यांत भरली नाही तर कवळीला हात लावायचा नाही, तोंड बघायचं, आणि तुकडा काढून तपासायला पाठवायचा. हे पहिल्या वर्षाचं शिक्षण आहे. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यायचे. दुसरा डबा महिन्याभरानं आला, खूण त्याच जागी. तिसरा त्यानंतर वीस दिवसांनी, खूण त्याच जागी, जरा मोठी. चिठ्ठीत होतं: "मिरची सहन होत नाही. इथं मिरच्या वाळत घातल्या आहेत, त्यांच्या खकाण्यानंही असेल." मी तेवढं वाचून समाधान मानलं. आमच्याकडं त्या दिवसांत सगळेच खोकतात, सगळ्यांच्याच तोंडाची आग होते. दोन्ही वेळा मी कड घासली. कोरीट माझ्या दवाखान्यापासून किती लांब आहे, बाई? भाऊ दूध घेऊन येतो तेव्हा ते अजून कोमट असतं.

चौथा डबा आला तेव्हा तुम्ही कडेवर खूण केलीच नव्हती. कडेजवळ एक बाण काढला होता, कडेच्या बाहेर दाखवणारा. मी कवळी हातात घेऊन खिडकीपाशी गेले. त्या जागेची कड तीनदा घासून इतकी कमी झाली होती की ती आता हिरडीला टेकतच नसणार. घासायला काही उरलं नव्हतं. म्हणजे जे दुखत होतं ते कवळीमुळं दुखत नव्हतं. हे मला त्या मिनिटाला कळलं, अगदी स्वच्छ कळलं. बाहेर चार पेशंट बसले होते, पण ते कारण नव्हतं. कवळीचं नाही असं म्हटलं की पुढचं वाक्य "तोंड दाखवा" हेच होतं, आणि ते तोंड मी दोन वर्षांपूर्वी बघितलेलं होतं. तिथं काय दिसेल हे मला ठाऊक होतं आणि मला ते दिसायला नको होतं. मी कवळीला मशीनवर नुसतं पॉलिश केलं. ती चकाकायला लागली. डब्यात ठेवून चिठ्ठी लिहिली: "बाई, घासून दिली आहे. आठ दिवस वापरून बघा." तुमचं उत्तर भावानं दुसऱ्याच दिवशी आणलं. "आता बरं आहे. काळजी करू नकोस. कामं सांभाळ." मी ते वाचलं आणि खरं मानलं. तुम्ही खोटं लिहाल असं मला वाटणं शक्य नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तीन आठवड्यांनी भावानं दूध ठेवलं आणि गेलाच नाही. त्या दिवशी त्यानं चेष्टा केली नाही. "बाईसना गाल सुजेल शे. बोलतस तं तोंड वाकडं व्हस. डबा-डबा काय खेळी ऱ्हायनात तुम्ही? तू एक डाव जाई ये." मी दवाखाना बंद करून त्याच्याच गाडीवर मागे बसून आले. तुम्ही स्वयंपाकघरात होता. चुलीवर खिचडी होती, पाण्यासारखी पातळ. कवळी खिडकीत वाटीत पडलेली होती. मला बघून तुम्ही पदर तोंडावर ओढलात आणि म्हणालात, "कशाला आलीस एवढ्या लांब?" मी म्हटलं, "बाई, तोंड उघडा." तुम्ही उघडलंत. मोबाईलचा टॉर्च लावला, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला केला. हिरडीपासून गालापर्यंत सगळं एकच झालं होतं, कडा वर आलेल्या, मधे खोल, चमचा लागला तसं रक्त आलं. जबड्याखाली बोटांना गाठ लागली, दगडासारखी. मी टॉर्च बंद केला. "कवळीचंच आहे ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "सुरतेला दाखवून घेऊ." तुम्ही चुलीवरची खिचडी उतरवून ठेवलीत आणि झाकण घातलंत.

सुरतेला आपण तिघी गेलो, तुम्ही, तुमची भाचेसून आणि मी. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, हे किती दिवसांपासून आहे. मी बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "झाला असेल महिना." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी दातांची डॉक्टर आहे आणि कवळी मीच केली आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुम्ही परत म्हणालात, आणि यावेळी जरा मोठ्यानं, वर्गात म्हणायचात तसं, "हिला मी दाखवलंच नाही. तोंड उघडायला मीच तयार नव्हते." भाचेसून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, अर्धा जबडा काढावा लागेल, पण मानेत गाठी आहेत आणि बाईंचं वय बघता ते सुचवणार नाहीत. दोन-तीन महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. हे त्यांनी कोणालाच उद्देशून म्हटलं नाही. मी माझ्या कामात अर्धा जबडा गेलेल्या माणसांनाही दात करून देते, बाई. जीभ आणि ओठ अजून काम करत असले तर माणूस परत जेवतो, बोलतो. तुम्हाला मी ते करून दिलं असतं, तुम्ही जगला असतात तर.

परतीच्या गाडीत भाचेसून झोपली होती. नवापूर आलं, गाडी बराच वेळ थांबली. तुम्ही खिडकीतून बघत होता. मग माझ्याकडं न बघता विचारलंत, "चौथ्या वेळी तू काय घासलंस गं? मला काही फरकच जाणवला नाही." मी म्हटलं, "थोडंसं. आतल्या बाजूनं." तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलंत. मी दाढ दुखत नाही म्हणाले होते तेव्हा बघितलं होतं तसंच. पण हातात पट्टी नव्हती आणि तुम्ही काही टेकवून बघितलं नाहीत. "बरं," म्हणालात. गाडी सुटली. तुम्हाला कळलं होतं. चिठ्ठीत "आता बरं आहे" लिहितानाही तुम्हाला कळलेलं होतं, असं मला आता वाटतं. तुम्ही मला सोडून दिलंत, आणि मी सुटका करून घेतली.

पुढचे पाच महिने लिहायचे नाहीत. नाकात नळी होती, बोलणं कळेनासं झालं, शेवटी शेवटी तुम्ही वहीवर लिहून सांगायचात आणि तेही अक्षर तुमचं राहिलं नव्हतं. मी दर रविवारी यायचे, जखम धुऊन द्यायचे. आता तुम्ही रोज तोंड उघडत होता, मला दाखवायला काही हरकत उरली नव्हती. तुम्ही गेल्यावर भाचेसुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, गाव दर्शनाला येईल. दात लावता येतील का?" मी तुमच्या खोलीत गेले, दार लावलं. वरची कवळी बसली. खालची बसेना. बसणारच नव्हती, मला माहीत होतं, तरी मी दोनदा प्रयत्न केला. शेवटी वरचीच ठेवली, खालचा ओठ कापसानं वर केला, हनुवटी पांढऱ्या फडक्यानं बांधली आणि खालची कवळी पर्समध्ये टाकली. बाहेर बायका म्हणत होत्या, "कश्या झोपेलसारख्या दिखतस बाई." कोणीतरी म्हणालं, "पोरीनं शेवटपर्यंत केलं हो." दहाव्याला तुमच्या भाच्यानं चार लोकांत माझी ओळख करून दिली. यांनीच बाईंचे दात केले होते, यांनीच सुरतेला नेलं. मी हात जोडले.

आता मी तोंड बघितल्याशिवाय कोणाची कवळी हातात घेत नाही. गेल्या महिन्यात खापरहून एक माणूस वडिलांची कवळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला होता. मी म्हटलं, वडिलांना आणा. तो चिडला. "मॅडम, जरासं घासायचं आहे, दोन मिनिटांचं काम. म्हाताऱ्याला जीपनं एवढ्या लांब हलवू का?" मी म्हटलं, हलवा. दोन दिवसांनी तो वडिलांना घेऊन आला. म्हाताऱ्याचे पाय सुजले होते, दोघांनी धरून वर आणलं. मी बघितलं. साधा व्रण होता, कवळीचाच. पाच मिनिटांत काम झालं. जाताना तो मुलगा जिन्यात मोठ्यानं म्हणाला, "उगाच त्रास दिला बाईनं." त्याचं बरोबर होतं. कोरीटला मी असा त्रास द्यायला हवा होता, आणि तिथं तर मला फक्त भावाच्या गाडीवर मागे बसायचं होतं.

हेडमास्तरांचा माणूस चार वाजता येणार आहे. त्याला मी ती दोन पानं देणार आहे, सोमवारची, पट्टीची, सहासष्टची. ती छापली जातील आणि लोक माझं कौतुक करतील आणि मी पुन्हा हात जोडेन. हे पान माझ्याजवळ राहील. खरं लिहिलं तर तुमची मशेरी गावाला कळेल, आणि ते तुम्हाला चाललं नसतं, असं कारण माझ्याजवळ तयार आहे. ते खरंही आहे, आणि मला सोयीचंही.

एक मात्र तुम्हाला सांगितलं नाही, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नाही. तुम्ही गेल्याचा फोन भावानं केला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्यासमोर खुर्चीत पेशंट होता. "बाई गयात," एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला, हात धुतले. आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की आता विचारणारं कोणी उरलं नाही. अंगातलं ओझं उतरल्यासारखं वाटलं, बाई. मी पेशंटचं काम पुरं केलं. रडू त्यानंतर आलं.